फायरमन व्हायचंय? फी भरण्याआधी उंची मोज

बारावी कला शाखेतून झालीय, वय १९, अग्निशमन दलात जायचंय आणि जिल्ह्याच्या गावची खासगी संस्था ‘फायर अँड सेफ्टी’ डिप्लोमासाठी मोठी फी मागतेय, भरू का, असं तू विचारलंयस. आत्ता एक रुपयाही भरू नकोस. महापालिकेच्या दलात माझी हयात गेली. असा डिप्लोमा घेऊन आलेली पोरं कागदपत्र तपासणीच्या टेबलावरूनच परत जाताना मी पाहिली आहेत. कुणाच्या वडिलांनी त्यासाठी कर्ज काढलेलं असतं. फार वाईट वाटतं.

पुष्कळ महापालिकांच्या जाहिरातीत ठरलेली अट असते : राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम उत्तीर्ण. हे सरकारी केंद्र मुंबईत, सांताक्रूझ पूर्वेला आहे. पुणे महापालिकेच्या २०२३ च्या भरतीत हीच अट होती. खासगी डिप्लोमावर कारखान्यात सेफ्टीचं काम मिळू शकतं, पण बंबावर चढायचं तर जाहिरातीत ज्या कोर्सचं नाव छापलंय तोच लागतो. मुंबईची तऱ्हा वेगळी. तिथे २०२३ मध्ये ९१० जागा निघाल्या, तेव्हा बारावीला ५० टक्के पुरेसे होते. प्रशिक्षण निवडीनंतर दलच देतं.

म्हणून आधी अनवाणी उभा राहून उंची मोज. राज्य केंद्राच्या कोर्सला १६५ सेंमी लागते, मुंबईने त्या भरतीत पुरुषांना १७२ आणि महिलांना १६२ मागितली होती. सीआयएसएफ या केंद्रीय सुरक्षा दलाच्या फायर विभागात १७० लागते, पण तिथे बारावी विज्ञान हवं, म्हणजे ती वाट तुला नाही. छाती फुगते, वजन वाढतं, उंचीचं काही करता येत नाही. त्यात बसत असशील तरच पुढचा खर्च.

मैदानावर पोलीस भरतीसारखं नुसतं धावून भागत नाही. मुंबईत ८०० मीटर धावण्याबरोबर १९ फुटांवरून जंपिंग शीटमध्ये, म्हणजे खाली ताणून धरलेल्या चादरीत, उडी होती आणि ५० किलोची मानवाकृती खांद्यावर घेऊन पळायचं होतं. धावण्यात पहिला येणारा मुलगा कठड्यावर गेला की पाय चळाचळा कापतात. तेव्हा आत्तापासून दोर चढ, पोत्यात वाळू भरून खांद्यावर घे, पकड वाढव. पाणी भरलेला होज पाइप धरून उभं राहायचं ते मनगटाच्या आणि कमरेच्या जोरावर. उडीचा सराव मात्र जाणकार माणूस समोर असल्याशिवाय करू नकोस. विहिरीवरून नाही, गच्चीवरून तर मुळीच नाही.

धुराबद्दल घरी सगळ्यांना सांगून ठेव. भरलेल्या खोलीत धूर वर साचतो, श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत उरते. म्हणून खाली वाकून, पाय घासत पुढे सरकायचं आणि भिंत चाचपायची ती हाताच्या पाठीने. तळव्याला उघडी वायर लागली तर मूठ आपोआप आवळते आणि वायर सुटत नाही. ड्रिलमध्ये हे इतकं घोटून घेतात की वर्दी, म्हणजे मदतीची हाक, आल्यावर आठवावं लागत नाही. आणि वर्दी म्हणजे दर वेळी आगच नव्हे. झाड पडलंय, लिफ्टमध्ये आजी अडकलीय, मांज्यात घार गुंतलीय, नाल्यात कुणी वाहून गेलंय. रक्त आणि मृतदेह पाहावे लागतात, दिवाळीला घरी असशीलच असं नाही. आईवडिलांशी हे आधीच बोलून घे.

लेखी परीक्षेसाठी मराठी व्याकरण, अंकगणित आणि सामान्य ज्ञान रोज कर. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. १९४४ साली त्या तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात मुंबई अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली. प्रश्न येवो न येवो, या नोकरीत येणाऱ्याला ते माहीत असायलाच हवं.

वाहन चालवायचा परवाना अजून काढला नसेल तर काढून ठेव, पुढे जड वाहनाचाही काढ. यंत्रचालकाच्या, म्हणजे बंब चालवणाऱ्याच्या, जागा वेगळ्या निघतात आणि विमानतळावरच्या फायर सर्व्हिसलाही परवाना लागतो. उंची, बारावीचे टक्के आणि प्रवर्ग कळव, म्हणजे कुठली जाहिरात धरायची ते नेमकं सांगता येईल.