प्रश्नोत्तरे : 'अ‍ॅडव्हान्स्ड डेटाबेस'चा पेपर अभ्यासताना

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आणि एम.सी.ए. किंवा एम.एस्सी.ला 'अ‍ॅडव्हान्स्ड डेटाबेस' हा विषय कुठल्या ना कुठल्या नावाने असतोच. त्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी ज्यांची उत्तरे अनेकांच्या उपयोगी पडतील असे प्रश्न येथे घेतले आहेत.

पदवीला डी.बी.एम.एस. शिकले आहे, एसक्यूएल, नॉर्मलायझेशन, ई-आर आकृत्या येतात. आता त्यात नवीन काय शिकायचे? नोट्समध्ये तर ऑब्जेक्ट-ओरिएंटेड, मल्टिमीडिया, मोबाइल अशी डेटाबेसांची नावेच दिसतात. (एम.सी.ए.ची विद्यार्थिनी, सांगली)

पहिल्या अभ्यासक्रमात आपण डेटाबेस वापरायला शिकतो. कोणती माहिती हवी ते आपण सांगतो आणि ती कशी आणायची ते इंजिन ठरवते. ही विभागणी एडगर कॉड यांनी 1970 मधल्या आपल्या शोधनिबंधात मांडली. पण ती मान्य केली की 'कशी आणायची' याचा सगळा भार इंजिनावर येऊन पडतो, आणि प्रगत अभ्यासक्रम हा त्या भाराचा अभ्यास असतो. डिस्कवरच्या पेजमध्ये (ठरावीक आकाराच्या खणात) नोंदी कशा बसवायच्या, दहा टेबलांचे जॉइन कोणत्या क्रमाने करायचे, हजार जण एकाच वेळी लिहीत असताना गोंधळ कसा टाळायचा आणि मध्येच वीज गेली तर काय पुसायचे व काय राखायचे, हे त्यातले मूळ प्रश्न आहेत. आयबीएमच्या सॅन होजे येथील 'सिस्टिम आर' आणि बर्कली विद्यापीठातील 'इंग्रेस' या 1970 च्या दशकातल्या प्रकल्पांनी त्यांची जी उत्तरे शोधली, त्यांच्यावरच आजची बहुतेक इंजिने उभी आहेत.

नावांच्या याद्यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. परीक्षेपुरत्या त्या पाठ कराव्यात आणि वेळ मात्र 'एरीज' या एका पद्धतीला द्यावा. सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएममध्ये विकसित केलेली ही रिकव्हरीची (बिघाडानंतर डेटाबेस सावरण्याची) पद्धत 1992 मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाली. (मोहन हे मद्रास आयआयटीचे माजी विद्यार्थी, हे आपल्या वर्गांत क्वचितच सांगितले जाते.) बदललेले पेज डिस्कवर जाण्याआधी त्या बदलाची नोंद लॉगमध्ये गेलीच पाहिजे, आणि प्रत्येक पेजवर त्याला लागू झालेल्या शेवटच्या लॉग-नोंदीचा क्रमांक असला पाहिजे, एवढ्या दोन नियमांवर ती उभी आहे. बिघाडानंतर इंजिन आधी लॉग वाचून परिस्थिती समजून घेते, मग झालेले सगळे बदल, अगदी अर्धवट राहिलेल्या ट्रान्झॅक्शनचेसुद्धा (ट्रान्झॅक्शन म्हणजे पूर्ण व्हावा किंवा मुळीच होऊ नये असा बदलांचा गट), पुन्हा लागू करते आणि शेवटी त्या अर्धवट ट्रान्झॅक्शन उलटवते. जे पुढे रद्दच करायचे ते आधी पुन्हा का करायचे, या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला स्वतःच्या शब्दांत देता आले, तर रिकव्हरीचे प्रकरण समजले असे माना.

इंडेक्स (नोंदी चटकन शोधून देणारी सूची) असूनही क्वेरी रखडते. विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत हे कसे समजावून सांगावे? (अधिव्याख्याता, छत्रपती संभाजीनगर)

विद्यार्थ्यांना सर्वप्रथम पोस्टग्रेस-क्यूएलमध्ये 'एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ' चालवून दोनच आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहायला सांगा : ऑप्टिमायझरने (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या इंजिनाच्या भागाने) किती नोंदी येतील असा अंदाज केला होता आणि प्रत्यक्षात किती आल्या. पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्ये सिस्टिम आरसाठी खर्चाच्या अंदाजावर चालणारा ऑप्टिमायझर मांडला. त्यात अनेक अटी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत धरून त्यांची प्रमाणे गुणली जात, आणि हे गृहीतक अजूनही बऱ्याच ठिकाणी टिकून आहे.

समजा, 36 लाख नोंदींच्या टेबलात जिल्हा आणि तालुका असे दोन स्तंभ आहेत, सातारा जिल्ह्याच्या एक लाख नोंदी आहेत आणि त्यांपैकी दहा हजार कराड तालुक्यातल्या आहेत. 'जिल्हा सातारा आणि तालुका कराड' अशी अट दिली की ऑप्टिमायझर एक छत्तीसांश आणि एक तीनशेसाठांश यांचा गुणाकार करून सुमारे 278 नोंदींचा अंदाज बांधतो. प्रत्यक्षात दहा हजार येतात, कारण कराड म्हटले की सातारा आलाच, ही आपल्याला शाळेपासून ठाऊक असलेली गोष्ट इंजिनाला कोणी सांगितलेली नसते. मग 278 नोंदींसाठी स्वस्त असलेला नेस्टेड लूप (एका टेबलाच्या प्रत्येक नोंदीसाठी दुसरे टेबल धुंडाळणारी जॉइनची पद्धत) दहा हजारांसाठी चालवला जातो, पुढच्या प्रत्येक जॉइनबरोबर चूक वाढत जाते आणि दोष मात्र इंडेक्सला दिला जातो. पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे 2017 पासून, 'क्रिएट स्टॅटिस्टिक्स' ही आज्ञा देऊन दोन स्तंभांमधले अवलंबित्व नोंदवता येते. ती दिल्यावर 'अ‍ॅनालाइझ' चालवायला विसरू नये, नाहीतर काहीच बदललेले दिसत नाही.

नोंदसंख्येचा चुकीचा अंदाज हेच वाईट प्लॅनचे (क्वेरी चालवण्याच्या योजनेचे) मुख्य कारण असते आणि खर्चाच्या सूत्रातल्या उणिवांचा वाटा त्यामानाने थोडा असतो, हे व्हिक्टर लाइस आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये चित्रपटांच्या खऱ्याखुऱ्या माहितीवर दाखवले आहे. प्लॅन कोणत्या मर्यादेला बदलतो हे रंगीत नकाशात दाखवणारे 'पिकासो' हे साधनही वर्गात उपयोगी पडते; ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जयंत हरित्सा यांच्या गटाने तयार केले.

आमच्या प्रणालीत सर्व काही ट्रान्झॅक्शनमध्ये बांधलेले आहे, तरीही नियम मोडणारी माहिती आत शिरते. हे कसे शक्य आहे? (सॉफ्टवेअर अभियंता, पुणे)

ट्रान्झॅक्शन सुरू केले की आपोआप पूर्ण अलिप्तता मिळते, हा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात पोस्टग्रेस आणि ओरॅकल यांची अलिप्ततेची मूळ पातळी 'रीड कमिटेड' (फक्त कमिट झालेलेच वाचणारी) आहे, तर मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-इंजिनाची 'रिपीटेबल रीड' (एकदा वाचलेले पुन्हा तसेच दाखवणारी). या पातळ्यांच्या अधिकृत व्याख्याच अपुऱ्या आहेत हे जिम ग्रे आदींनी 1995 मध्ये दाखवून दिले होते, आणि 'स्नॅपशॉट आयसोलेशन' (प्रत्येक ट्रान्झॅक्शनला त्याच्या सुरुवातीच्या क्षणाचे चित्र दाखवणारी) ही पातळी त्याच निबंधात मांडली गेली.

परीक्षेचे एक उदाहरण घेऊ. प्रत्येक वर्गावर किमान एक पर्यवेक्षक हवा असा नियम आहे आणि एका वर्गावर दोघे नेमले आहेत. दोघेही एकाच क्षणी रजा टाकतात. पहिल्याचे ट्रान्झॅक्शन मोजते की दोघे हजर आहेत, म्हणून एकाला जायला हरकत नाही, आणि त्याची नोंद बदलते. दुसऱ्याचे ट्रान्झॅक्शन स्वतःच्या स्नॅपशॉटमध्ये तेच दोघे पाहते आणि आपली नोंद बदलते. दोघांनी वेगवेगळ्या नोंदी बदलल्यामुळे लिहिण्याचा संघर्ष झालाच नाही, दोन्ही कमिट यशस्वी झाले आणि वर्ग रिकामा राहिला. या दोषाला 'राइट स्क्यू' म्हणतात. येथे पोस्टग्रेसमध्ये 'रिपीटेबल रीड'चाही उपयोग होत नाही, कारण तेथे त्या नावाखाली स्नॅपशॉट आयसोलेशनच मिळते. ओरॅकलमध्ये तर 'सीरियलायझेबल' (ट्रान्झॅक्शन एकामागून एक चालल्यासारखा निकाल देण्याचा दावा करणाऱ्या) या पातळीचीही तीच गोष्ट आहे.

उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे पोस्टग्रेसची 'सीरियलायझेबल' पातळी वापरणे. सिडनी विद्यापीठातल्या मायकेल केहिल आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये सुचवलेले तंत्र 2011 च्या 9.1 आवृत्तीत तेथे आले. त्यात वाचणाऱ्याला अडवले जात नाही. कोणी काय वाचले आणि ते नंतर कोणी बदलले याचा माग ठेवून धोकादायक साखळी दिसताच एक ट्रान्झॅक्शन रद्द केले जाते. अशा वेळी 40001 हा त्रुटी-संकेतांक येतो आणि संपूर्ण ट्रान्झॅक्शन पहिल्या वाचनापासून पुन्हा चालवण्याची जबाबदारी तुमच्या कोडवर असते. हा पुन्हा-प्रयत्नाचा भाग लिहिलेला नसेल, तर ही पातळी लावून वापरकर्त्यांच्या तक्रारीच तेवढ्या वाढतील.

दुसरा उपाय 'सिलेक्ट फॉर अपडेट' वापरून त्या वर्गावरच्या हजर पर्यवेक्षकांच्या नोंदी आधीच अडवून ठेवण्याचा. रीड कमिटेडमध्ये दुसरे ट्रान्झॅक्शन थांबते आणि कुलूप सुटल्यावर त्याला एकच पर्यवेक्षक दिसतो. मात्र जेथे अडवायला नोंदच अस्तित्वात नाही, जसे सभागृहाच्या एकाच वेळेसाठी येणारी दोन नवी आरक्षणे, तेथे हा उपाय लंगडा पडतो आणि पोस्टग्रेसचे 'एक्सक्लुजन कन्स्ट्रेंट' (एकमेकींवर येणाऱ्या नोंदी नाकारणारे बंधन) कामी येते.

म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला आहे. तेथील डेटाबेस गटाचे नाव मोठे आहे असे ऐकतो. जाण्यापूर्वी काय वाचून ठेवावे? (वाचक, नाशिक)

कॉलम-स्टोअर आणि क्वेरी प्रत्यक्ष चालवण्याच्या पद्धती, हे दोन विषय पक्के करून जावेत. एक कोटी नोंदींचे टेबल घ्या, ज्यात आठ बाइटचे पन्नास स्तंभ आहेत. नोंदीमागून नोंद साठवली तर ते सुमारे 4 जीबी होते आणि दोन स्तंभांची बेरीज काढायलाही ते सगळे वाचावे लागते. स्तंभवार साठवले तर 160 एमबी पुरतात, आणि एकाच प्रकारची मूल्ये शेजारी आल्यामुळे ती आणखी दाबून बसवता येतात.

दुसरा विषय अधिक रंजक आहे. गोएट्झ ग्रेफ यांच्या 'व्होल्केनो' प्रणालीमुळे रूढ झालेल्या पद्धतीत प्रत्येक ऑपरेटर खालच्याकडे एकेक नोंद मागतो, त्यामुळे आजच्या प्रोसेसरचा बराच वेळ फंक्शनांच्या ये-जा करण्यातच जातो. अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने 2005 मध्ये मोनेटडीबी/एक्स100 मधून एका वेळी मूल्यांचा एक गठ्ठा पुढे सरकवण्याचा मार्ग दाखवला. तेथेच जन्मलेल्या डकडीबीत हा गठ्ठा 2048 मूल्यांचा असतो. म्युनिकच्या थॉमस नॉयमान यांनी 2011 मध्ये क्वेरीचेच थेट मशीन कोड तयार करण्याचा दुसरा मार्ग 'हायपर'साठी मांडला. (हायपर पुढे टॅब्लो कंपनीने 2016 मध्ये घेतले.) दोन्ही ठिकाणच्या संशोधकांनी 2018 मध्ये एकत्र येऊन तुलना केली, तेव्हा आकडेमोड जड असेल तर कंपाइल केलेला कोड सरस आणि मेमरीची वाट पाहणे जास्त असेल तर गठ्ठ्यांची पद्धत सरस, असे दिसून आले. हे तीन निबंध याच क्रमाने वाचा.

कॅप प्रमेयानुसार माहितीची सुसंगतता, सतत उपलब्धता आणि नेटवर्क तुटले तरी चालत राहणे या तीनपैकी दोनच गोष्टी मिळतात, म्हणून मोठ्या प्रणालीत रिलेशनल डेटाबेस चालत नाही, असे आम्हाला शिकवले गेले. हे बरोबर आहे का? (बी.ई.चा विद्यार्थी, गोवा)

नाही. एरिक ब्रूअर यांनी 2000 मध्ये मांडलेला आणि गिल्बर्ट व लिंच यांनी 2002 मध्ये सिद्ध केलेला हा मुद्दा एवढाच सांगतो की नेटवर्कचे तुकडे पडले असताना प्रत्येक विनंतीला उत्तरही द्यायचे आणि ते ताजेही ठेवायचे, हे दोन्ही जमत नाही. नेटवर्क तुटणे ही निवडण्याची गोष्ट नव्हे, ते तुटतेच. आणि ते शाबूत असताना प्रमेय काहीच अडवत नाही. शिवाय रिलेशनल असणे किंवा नसणे याचा त्याच्याशी संबंध नाही. अ‍ॅमेझॉनच्या 2007 मधल्या डायनॅमो या साठवण प्रणालीने सतत उत्तर देण्याला प्राधान्य दिले. गूगलच्या स्पॅनर या डेटाबेसने, ज्याचे वर्णन 2012 मध्ये प्रसिद्ध झाले, जीपीएस आणि अणुघड्याळांच्या आधारे खंडोखंडी पसरलेल्या यंत्रांवर ट्रान्झॅक्शनांचा काटेकोर क्रम राखला, तोही एसक्यूएलसारख्या क्वेरी भाषेसकट. त्यासाठी प्रत्येक कमिटला घड्याळातल्या अनिश्चिततेएवढे थांबावे लागते. तुमच्या उत्तरपत्रिकेत ही थांबण्याची किंमत लिहा. 'तीनपैकी दोन'चा त्रिकोण काढण्यापेक्षा ते जास्त बरोबर ठरेल.

व्हेक्टर डेटाबेस (आकड्यांच्या मालिकांच्या रूपातली माहिती साठवून तिच्यासारखी दुसरी शोधणारा) अभ्यासक्रमात घ्यावा का? (अभ्यास मंडळाचे सदस्य)

दोन तासिका पुरेत. एचएनएसडब्ल्यू हा अंदाजे शेजारी शोधणारा, 2016 मध्ये प्रथम मांडला गेलेला आलेख-इंडेक्स शिकवावा, आणि पीजीव्हेक्टर हे विस्तारक जोडून तो साध्या पोस्टग्रेसमध्येच चालवून दाखवावा. उत्पादनांची नावे अभ्यासक्रमपत्रिकेत छापू नयेत. पुढची फेररचना होईपर्यंत त्यांतली निम्मी बदललेली असतील.

मिनी-प्रोजेक्टसाठी काय करावे? वेबसाइट आणि तिच्यामागे डेटाबेस, याचा आता कंटाळा आला आहे. (चार विद्यार्थ्यांचा गट, अमरावती)

कंटाळा योग्य जागी आला आहे. कार्नेगी मेलनची 'बसटब' ही शिकवण्यासाठी बनवलेली प्रणाली सी++ मध्ये असून तिची व्याख्याने मोफत पाहता येतात. जावा येत असेल तर एमआयटीची 'सिंपलडीबी' घ्या. बसटबची सोडवलेली उत्तरे सार्वजनिक करू नयेत अशी त्या अध्यापकांची विनंती आहे, ती पाळा. पायाभूत वाचनासाठी मुंबई आयआयटीचे प्रा. एस. सुदर्शन सहलेखक असलेले पाठ्यपुस्तक ग्रंथालयात बहुधा असेलच.

एका सत्रात मावणारे काम हवे असेल तर फक्त बफर पूल (डिस्कवरची पेजे मेमरीत ठेवणारा भाग) लिहा. मेमरी भरल्यावर कोणते पेज बाहेर काढायचे याचे एलआरयू (सर्वांत जास्त काळ न वापरलेले पेज काढणारा), क्लॉक (त्याची स्वस्त नक्कल) आणि एलआरयू-के (शेवटच्या एकाऐवजी शेवटून के-व्या वापराची वेळ पाहणारा) असे तीन नियम अमलात आणा आणि थोडी पेजे वारंवार लागतात अशा कामाच्या मध्येच एका मोठ्या टेबलाचे पूर्ण वाचन घुसवून, मागितलेले पेज मेमरीतच सापडण्याचे प्रमाण मोजा. एलआरयूचा आकडा कोसळलेला दिसेल, कारण एकदाच लागणारी पेजे नेहमी लागणाऱ्यांना हुसकावून लावतात. पोस्टग्रेस अशा मोठ्या वाचनाला छोटी वेगळी रिंग (तेवढीच जागा आळीपाळीने पुन्हा वापरणारा गट) देऊन हे टाळते. तीच युक्ती तुमच्या एलआरयूला जोडून मोजणी पुन्हा करा आणि दोन्ही वेळचे आलेख अहवालात एकाखाली एक लावा.