कॅल्शियम वाढलं की मायटोकॉन्ड्रिया का फुटतात? ते कसे वाचवायचे?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत: नुकसान कसं होतं, आणि पेशीतून वेगळ्या काढलेल्या मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) कॅल्शियम घालताच फुगतात त्यावर उपाय काय. दोन्हींचं उत्तर एकाच छिद्राभोवती फिरतं.

पेशीद्रवात एरवी सुमारे १०० नॅनोमोलर मुक्त कॅल्शियम असतं. पेशीबाहेर त्याच्या दहा हजारपटीहून जास्त. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या आवरणावर १५० ते १८० मिलिव्होल्टचा ऋण विभव असतो, त्यामुळे युनिपोर्टरमधून (त्या आवरणातल्या कॅल्शियमच्या वाटेतून) कॅल्शियम आपोआप आत ओढलं जातं. थोडं आत गेलं तर चांगलंच: पायरुव्हेट डिहायड्रोजिनेजसारखी विकरं वेग घेतात, एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) वाढतो. जास्तीचं कॅल्शियम फॉस्फेटबरोबर साका होऊन बसतं, म्हणून बराच साठा सुखरूप राहतो.

ही क्षमता संपली, आणि जोडीला ऑक्सिडेटिव्ह ताण (ऑक्सिजनपासून बनणाऱ्या घातक रेणूंचा मारा) असला, की आतल्या आवरणात संक्रमण छिद्र उघडतं. त्यातून सुमारे १.५ किलोडाल्टनपर्यंतचं काहीही ये-जा करतं. विभव शून्यावर येतो, एटीपी बनवणारं एटीपी सिंथेज उलटं फिरून एटीपी खाऊ लागतं, पाणी शिरतं, बाहेरचं आवरण फाटतं आणि सायटोक्रोम सी हे पेशीमृत्यूचा इशारा देणारं प्रथिन बाहेर पडतं. छिद्र कोणत्या प्रथिनांचं बनलंय यावर अजून वाद आहे. सायक्लोफिलिन डी हे मायटोकॉन्ड्रियातलं प्रथिन ते उघडायला मदत करतं, हे मात्र पक्कं आहे. त्यामुळे नुसतं कॅल्शियम किती घातलं हे पाहू नका. छिद्र किती कॅल्शियमला उघडेल हे परिस्थिती ठरवते, आणि आपल्याला तो उंबरठाच वर न्यायचा असतो.

मायटोकॉन्ड्रिया वेगळ्या काढण्याचं सगळं काम ४ अंशांवर करा. वेगळे काढण्याच्या द्रावणात १ मिलिमोलर ईजीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन) हवाच, पण शेवटच्या धुण्यात तो नको. इथेच सर्वात जास्त गोंधळ होतो: ईजीटीए उरला तर तुम्ही घातलेलं कॅल्शियम तोच धरतो आणि मायटोकॉन्ड्रिया खोट्याच दणकट वाटतात. मग ०.५ मिलिग्रॅम प्रथिन प्रति मिलिलिटर घेऊन, सक्सिनेट (इंधन) आणि रोटेनोन (श्वसनसाखळीचा पहिला टप्पा रोखणारं) देऊन, १० मायक्रोमोलरच्या टप्प्यांनी कॅल्शियम घाला आणि ५४० नॅनोमीटरला शोषण पाहा. ते झपाट्याने उतरलं तर फुगवटा सुरू झाला. दुसऱ्या नळीत १ मायक्रोमोलर सायक्लोस्पोरिन ए (सायक्लोफिलिन डीला अडवणारं औषध) घाला. फुगवटा लांबला तर तो छिद्रामुळे आहे. युनिपोर्टर बंद करणाऱ्या रुथेनियम रेडने तो थांबला तर कारण कॅल्शियमचं आत जाणं. मॅग्नेशियम आणि एडीपीही उंबरठा वाढवतात, तेव्हा दोन प्रयोगांची तुलना करताना त्यांची मात्रा सारखी ठेवा. फॉस्फेट कॅल्शियम साठवायला मदत करत असलं तरी ते वाढवलं तर छिद्र लवकर उघडतं, म्हणून तेही मोजूनच.

शरीरात हे सर्वात ठळक दिसतं ते हृदयाचा अडलेला रक्तपुरवठा परत सुरू होताना. अडथळा असेपर्यंत आम्लता छिद्राला दाबून ठेवते. रक्त परतताच आम्लता उतरते, ऑक्सिजनमुळे मुक्त मूलकं (तेच घातक रेणू) उसळतात, कॅल्शियम तर आधीच साठलेलं असतं. पहिल्या काही मिनिटांतच घात होतो. उंदरांत सायक्लोफिलिन डीचं जनुक काढलं की हृदयाची हानी कमी होते. माणसांत मात्र २०१५ च्या मोठ्या चाचणीत सायक्लोस्पोरिनने फायदा दाखवला नाही, त्यामुळे ते घरगुती संरक्षक म्हणून घेण्याचा विचारही करू नका. ते रोगप्रतिकारशक्ती दाबतं.

आणि हो, हाडांसाठी डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या या भीतीने बंद करू नका. रक्तातलं कॅल्शियम पॅराथायरॉइड संप्रेरक काटेकोर सांभाळतं. इथला अतिभार पेशीच्या आतल्या वाटा बिघडल्यामुळे होतो.