डोळ्यात चुना उडाला तर लिंबाचं पाणी घालावं का?

गुऱ्हाळावर भावाच्या डोळ्यात चुना उडालाय आणि शेजारचे लिंबाचं पाणी घाला म्हणतायत, असं विचारलंय तुम्ही. कळकळीनं सांगतो, घालू नका. दूध, तूप, गुलाबपाणीही नको. साधं स्वच्छ पाणी, आत्ताच! मान त्या डोळ्याच्या बाजूला कलती करून, पापण्या बोटांनी उघड्या धरून निदान ३० मिनिटं धार सोडा. कण दिसले तर ओल्या स्वच्छ कापडानं अलगद टिपा, चोळू नका. चुना अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा तीव्र क्षार आहे, बहुतेक आम्लांपेक्षा खोल शिरतो. आग थांबली तरी आत इजा चालू असते. मग थेट कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे न्या, वाटेतही बाटलीनं पाणी घालत राहा. तिथं पापणी उलटून कण काढतात, डोळ्यातला पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ७ च्या आसपास येईपर्यंत पुन्हा धुतात.