याकिसोबा, म्हणजे जपानी परतलेल्या नूडल्स, पहिल्यांदा करतेयस ना, मग हे वाच

अगं नावात सोबा आहे म्हणून बकव्हीटच्या (कुट्टूच्या) सोबा नूडल्स आणू नकोस, याकिसोबाला गव्हाच्या वाफवलेल्या लागतात, जपानी दुकानात फ्रिजमध्ये १५० ग्रॅमच्या आसपासची पाकिटं मिळतात. त्या गठ्ठा होऊन चिकटलेल्या असतात, तशाच ओढत बसलीस तर तुकडे पडतात, म्हणून आधी मिनिटभर मायक्रोवेव्ह कर नाहीतर थोडं पाणी शिंपडून सुट्या होऊ दे. मग एकट्याच तव्यावर पसर आणि खालून खरपूस होईपर्यंत हलवू नकोस प्लीज!! सगळी चव तिथेच येते. त्या काढून पोर्क, गाजर, कोबी मोठ्या आचेवर, कोबी करकरीत हवा. नूडल्स परत टाकून याकिसोबाचा सॉस अगदी शेवटी, चर्र होऊन वास सुटला की गॅस बंद. वरून आओनोरी, म्हणजे वाळवलेल्या हिरव्या समुद्री शेवाळाचा चुरा, आणि ते लाल लोणच्याचं आलं, बेनी शोगा, घालच.