आम्ही पूर्ण व्हेज, मग शुगर कंट्रोलला येणार कशी?

डायबेटीसच्या पेशंटसोबत बसायला लागल्यापासून हा प्रश्न मी ऐकतेच आहे. "मॅडम, आम्ही पडलो व्हेज, त्यात भात-भाकरी पण बंद म्हणताय, मग खायचं तरी काय?" यातल्या बऱ्याच जणांना कुणीतरी ठामपणे सांगितलेलं असतं की अंडी-चिकन सुरू केल्याशिवाय शुगर खाली येत नाही. आपल्या सोलापुरात लिंगायत, जैन, माळकरी अशी कितीतरी घरं आहेत जिथं अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही, त्यांना हे ऐकून किती धास्ती बसते ते मी रोज बघते. म्हणून एका काकूंबद्दल लिहितेय, त्यांना विचारून आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

पंचावन्नच्या आसपास वय, जुळे सोलापूरकडं घर, घरात मालक, मुलगा, सून आणि नातवंडं. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) नऊच्या वर. पहिल्यांदा आल्या तेव्हा पर्समधून चार घड्या घातलेला झेरॉक्स डाएट चार्ट काढला, त्यात ओट्स, एग व्हाइट, ग्रिल्ड फिश असलं सगळं. म्हणाल्या, "जाऊबाई म्हणत्यात औषध म्हणून खा अंडं. गळ्यात लिंग हाय माझ्या, कसं खाऊ सांगा की." आणि डोळे भरून आले त्यांचे.

मी आधी तो चार्ट बाजूला ठेवला आणि स्पष्ट सांगितलं की काकू, अंडं खायची काही गरज नाही. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन असतं, तेवढं तर ३० ग्रॅम कोरड्या मटकीत आरामात मिळतं, आणि मटकीत फायबर असतं जे अंड्यात अजिबात नसतं. त्यांचा चेहरा तिथंच निम्मा मोकळा झाला. माझं ठाम मत आहे की माणसाच्या श्रद्धेला धक्का लावून दिलेला सल्ला आठवडाभरसुद्धा टिकत नाही, आणि टिकला तरी तो माणूस रोज अपराधी वाटून घेत जेवतो.

पण शुगर काही हलेना. सुरुवातीला त्यांनी घाबरून भाकरीच बंद केली होती, दिवसभर काकडी आणि ते 'डायजेस्टिव्ह' बिस्किटं (त्यात मैदा पण असतो आणि साखर पण, नावावर जाऊ नका), मग रात्री भूक आवरायची नाही. ते बंद केलं. भाजी काय करता विचारलं तर मेथी, शेपू, वांगं, मटकी, हुलगे, सगळं घरात होत होतं. ऐकायला आदर्श स्वयंपाक. मग एका भेटीत मी वेगळं विचारलं.

"काकू, काल रात्री काय केलं होतं?"

"मटकीची उसळ, मेथी, आमटी, भाकरी."

"त्यातली तुमच्या ताटात किती उसळ आली?"

"आली की थोडी."

"थोडी म्हणजे किती?"

त्या पदराशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "मी शेवटी बसते वो. आधी पोरं, मग मालक आणि मुलगा, मग सून. तवर उसळ संपलेलीच असती. कढईला लागलेलं भाकरीनं पुसून घेते. वाया कशाला घालवायचं?"

"मग पोट कशानं भरतं?"

"भाकरीनंच की. शेंगा चटणी असती, वर तेल घेते. तीन भाकऱ्या होत्यात कधी कधी."

इथं सगळा उलगडा झाला. घरात सहा माणसांचा उत्तम शाकाहारी स्वयंपाक होत होता आणि ज्या बाईला डायबेटीस आहे तिच्या वाटणीला त्यातली फक्त भाकरी येत होती. डाळ, उसळ, भाजी तिच्यापर्यंत पोचतच नव्हती. आणि चार्टवाल्यापासून जाऊबाईंपर्यंत सगळे तिच्या व्हेज असण्याला दोष देत होते! हे एकट्या काकूंचं नाही, आपल्याकडच्या पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी बायकांचं हेच आहे, आणि त्या हे आपणहून कधी सांगत नाहीत कारण त्यांना यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही. मी पेशंटला कधी एकटा पेशंट म्हणून बघत नाही, त्याचं अख्खं स्वयंपाकघर बघते, कोण वाढतं, कोण कधी बसतं, उरलेलं कोण संपवतं. माझी कामाची पद्धतच ती आहे आणि ती मला बहुतेक वेळा बरोबर जागी नेते.

मी म्हटलं, "तुमची उसळ आधीच वाटीत काढून ठेवायची."

"आधी स्वतःला काढून घ्यायचं? सून काय म्हणंल?"

मी काहीच बोलले नाही, त्यांनाच विचार करू दिला. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाल्या, "नैवेद्य काढते की मी आधी. त्याच्या मागोमाग माझी वाटी काढली तर?" मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! हे मी सुचवलं असतं तर त्यांनी मान डोलावून घरी जाऊन केलं नसतं. आपलं उत्तर आपल्या तोंडून आलं की माणूस ते पाळतो.

पुढच्या भेटीला सुनेला घेऊन आल्या. तिला हे माहीतच नव्हतं, बिचारी रडकुंडीला आली. आता ती मटकी वाटीभर जास्त भिजवते आणि दोघी सोबत जेवायला बसतात. तीन भाकऱ्यांची दीड झाली, गोळ्या वेळेवर, संध्याकाळी चालणं, आणि पुढच्या तपासण्यांत एचबीए१सी साडेसातच्या आत आलं. अंडं न खाता.

आता तुमच्यासाठी. ज्वारी चांगलीच आहे, आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) आहे, पण "ज्वारी कितीही चालते" हे डोक्यातून काढा. ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत ३३-३५ ग्रॅम कार्बोहायड्रेट असतात आणि त्याची शेवटी साखरच होते. ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कोशिंबीर, पाव भागात घट्ट वरण किंवा उसळ, आणि उरलेल्या पाव भागात भाकरी किंवा भात. पातळ आमटीवर भागवू नका, त्यात डाळ किती असते ते तुम्हालाच माहिती. भोगीला आपण घेवडा, गाजर, वांगं, हिरवा हरभरा घालून जी भाजी करतो तसली मिक्स भाजी एरवी पण करा की. शेंगा चटणी दोन चमचे ठीक, वाटीभर नको, शेंगदाण्यात निम्मं तेलच असतं.

उपवासाचं सगळ्यात अवघड. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, खिचडीची प्लेट खाऊन दोन तासांनी शुगर तपासून बघा म्हणजे माझं सांगणं पटेल. भगर पण मोजूनच, सोबत दही, शेंगदाण्याची आमटी, काकडी घ्या. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निरंकार उपवास करू नका, आणि भाकरी-भात कमी केला तरी त्यांना आधी कळवा, कारण डोस बदलावा लागू शकतो. हात थरथरले, घाम फुटला, एकदम भूक लागली तर ती शुगर फार खाली गेल्याची खूण असू शकते, लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी शुगर परत बघा.

आणि व्हिटॅमिन बी१२. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातूनच काय ते मिळतं, त्यात मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर आणखी कमी होतं. पायाला मुंग्या येतात ते शुगरमुळंच असणार असं धरून बसू नका, बी१२ ची तपासणी करून घ्या, कमी असेल तर डॉक्टर गोळ्या किंवा इंजेक्शन देतात. भेटायला येताना रिपोर्ट तर आणाच, पण तुमच्या घरात वाढायला जे माणूस असतं त्यालाही सोबत घेऊन या.