डाव्या मनगटाला प्लास्टर असताना फक्त उजव्या हाताचा व्यायाम केला तर एक बाजू जड होईल का?

करा, नक्की करा. उजवा हात बंद ठेवू नका.

तुम्ही लिहिलंय की गाडी घसरून डावं मनगट मोडलं, कोपराच्या खाली प्लास्टर आहे, ते अजून चार आठवडे राहणार, आणि जिममधला ट्रेनर म्हणतोय, "एकाच हाताचं केलंस तर वाकडा होशील, त्यापेक्षा दोन महिने घरी बस." तीन वर्षांपूर्वी मलाही अगदी हेच सांगितलं होतं. माझंही डावंच मनगट. पावसात ओल्या जिन्यावरून पाय घसरला आणि तोल सावरायला हात टेकला. सांगितलेलं खरं मानून मी पहिले दहा दिवस नुसती बसून काढले. स्नायूंची झीज सगळ्यात वेगाने होते ती याच सुरुवातीच्या दिवसांत, हे मला नंतर फिजिओने सांगितलं. तुमचे ते दिवस वाया जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितेय.

प्लास्टरमधला हात बारीक होतो तो बांधून ठेवल्यामुळे. उजव्या हाताने डंबेल उचलल्यामुळे नाही. उजवाही बंद ठेवलात तर दोन्ही हात बारीक होतील, डाव्याचा त्यात काहीच फायदा नाही.

उलट उजव्याच्या व्यायामाचा डाव्याला फायदा होतो. 1894 मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच हाताने दाब देण्याचा सराव करून घेतला, तर सराव न केलेल्या हाताची ताकदही वाढलेली दिसली. तेव्हापासून हे पुन्हा पुन्हा तपासलं गेलंय. न वापरलेल्या बाजूची वाढ साधारण 8 ते 12 टक्के भरते. तो स्नायू जाड होत नाही, पण मेंदू आणि मज्जारज्जू त्याला हुकूम द्यायचं विसरत नाहीत. कॅनडातल्या सस्कॅचवान विद्यापीठात धडधाकट लोकांचा एक हात तीन आठवडे प्लास्टरमध्ये ठेवला होता. ज्यांनी मोकळ्या हाताचा व्यायाम चालू ठेवला, त्यांच्या बांधलेल्या हाताची ताकद टिकली, बाकीच्यांची घटली. पुढे तिथेच मनगट मोडलेल्या, पन्नाशीपुढच्या स्त्रियांवर असाच अभ्यास झाला. व्यायाम केलेल्या बायकांची मोडलेल्या हाताची मूठ 12 व्या आठवड्याला जास्त घट्ट होती, 26 व्या आठवड्याला मात्र दोन्ही गट सारखे झाले. म्हणजे फायदा सुरुवातीच्या काळातला आहे. पण त्या काळात साधी बरणी उघडता येणं किती मोठं वाटतं, ते तुम्हाला लवकरच कळेल.

आता प्लास्टर असेपर्यंत काय करायचं ते सांगते. हे सगळं तुमच्या हाडांच्या डॉक्टरांना विचारूनच, कारण तुमचा एक्स-रे त्यांनी पाहिलाय, मी नाही.

उजव्या हाताने नुसते बायसेप्स मारत बसू नका. ढकलण्याचा एक व्यायाम केला की ओढण्याचा एक करायचाच. नाहीतर डाव्या-उजव्याची काळजी करता करता छाती आणि पाठ यांच्यात तफावत पडते, आणि खांदे पुढे झुकतात. वजन खाली आणताना तीन-चार सेकंद घ्या, कारण दुसऱ्या बाजूला जाणारा फायदा या उतरत्या हालचालीत जास्त दिसलाय. पाय तर पूर्ण मोकळे आहेत: लेग प्रेस, पोटऱ्या, मांडीच्या मागच्या बाजूचं मशीन. ट्रेडमिलवर पळू नका, पुन्हा पडलात तर तोच हात टेकणार. घाम प्लास्टरच्या आत जाईल इतकंही करू नका.

कमरेची काळजी असेल तर भरलेली बादली आठवा. उजव्या हातात बादली घेऊन चाललात की ताण येतो डाव्या कुशीत, कारण शरीराला उजवीकडे कलू न देण्याचं काम ती बाजू करते. तेव्हा उजव्या हातात वजन घेऊन चालणं हा डाव्या बाजूचाही व्यायाम आहे.

डावा हातसुद्धा सगळा बंद नाही. बोटं दिवसातून अनेकदा पूर्ण उघडा-मिटा, कोपर वाका, हात डोक्यावर न्या. हात गळ्यात अडकवून फिरल्याने खांदा आखडतो, आणि मनगट बरं झाल्यावर खांद्याचं दुखणं मागे लागतं. तिसऱ्या आठवड्यानंतर डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा फिजिओने मला एक युक्ती शिकवली. केबल मशीनवर पायाला बांधायचा जो पट्टा असतो, तो तिने माझ्या दंडाला, कोपराच्या वर बांधला. मूठ न आवळता खांदा आणि पाठीचा वरचा भाग काम करू लागला. पहिल्या दिवशी फक्त अडीच किलो लावलं होतं आणि मला खूप बरं वाटलं.

खरा असमतोल मी ओढवून घेतला तो प्लास्टर निघाल्यावर. नवव्या आठवड्यात दुखणं थांबलं म्हणून मी थेट बार घेऊन खांद्याचं प्रेस करायला लागले. मोबाईलवर शूट केलं तेव्हा दिसलं, बार उजवीकडे आधी वर जात होता आणि डावीकडे चार बोटं खाली लोंबत होता. पंधरा दिवसांत मानेची उजवी बाजू अशी धरली की वळता येईना. एकसंध बार किंवा दोन्ही हातांचं मशीन असलं की तगडी बाजू कमजोर बाजूचं काम गुपचूप उचलते. वजन तर वर जातं, पण डावा हात मागेच राहतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लोक उठाबशा काढताना चांगल्या पायावर भार टाकतात, तेही हेच.

म्हणून परत सुरू कराल तेव्हा काही महिने डंबेलच वापरा. आधी डावा हात. त्याला जेवढे रेप्स, म्हणजे वजन वर-खाली करण्याच्या जेवढ्या खेपा झेपतील, तेवढेच मग उजव्याने काढायचे, उजव्यात जोर शिल्लक असला तरी. माझा डावा चार किलोवर होता तेव्हा उजव्याने आरामात दहा उचललं असतं. पण इथे उजव्याला थांबवून ठेवणं योग्य आहे. प्लास्टर असताना नव्हतं. हा फरक नीट लक्षात ठेवा. दुखण्याचं माप फिजिओने दिलं होतं: दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते मागे राहता कामा नये.

दंड आणि पुशअप्स अगदी शेवटी. जमिनीवर तळवा टेकला की मनगट मागे वाकून त्यावर भार येतो, म्हणजे पडताना होतं तसंच. तोवर डंबेलच्या दांड्या धरून मनगट सरळ ठेवता येतं. मला साध्या दंडापर्यंत पोचायला सहा महिने लागले.

आणि दोन्ही हात तंतोतंत सारखे करायच्या मागे लागू नका. उजव्या हाताने काम करणाऱ्यांची उजवी मूठ एरवीही डावीपेक्षा सरासरी 10 टक्के घट्ट असते. तुमच्या डाव्याला गाठायचंय ते त्याचंच जुनं वजन. जुनी वही असेल तर अपघाताच्या आधी डाव्याने किती उचलत होता ते शोधून ठेवा. मी शिंप्याची टेप घेऊन दोन्ही दंडांचा घेर मोजायचे, प्लास्टर निघालं त्या दिवशी दीड सेंटीमीटरचा फरक होता. पाचव्या महिन्यात तो अर्ध्यावर आला आणि तिथेच राहिला. त्यातला किती आधीपासूनच होता हे मला कधीच कळणार नाही, कारण आधी मोजलंच नव्हतं.

या चार आठवड्यांत जेवण कमी करू नका. व्यायाम कमी म्हणून पोटाला चिमटा काढला तर हाडालाही कमी पडतं. डाळ, उसळ, अंडी, दही जे चालत असेल ते पोटभर खा. आणि बोटं सुजून बधिर झाली, निळसर दिसली किंवा प्लास्टरच्या आत दुखणं वाढतच चाललं, तर जिमचा विचार सोडून त्याच तासाला डॉक्टरांकडे जा. रात्र असली तरी थांबू नका.