डिजिटल सिग्नल म्हणजे चौकोनी लहरच ना? मग त्याचं गणित अ‍ॅनालॉगपेक्षा वेगळं का?

चौकोनी लहर हे पुस्तकातलं चित्र आहे, व्याख्या नव्हे. मी नाशिकला ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग) मुलांच्या शिकवण्या घेतो. ओरलला एक्सटर्नल (बाहेरचे परीक्षक) हमखास इथेच पकडतात.

दोनच गोष्टी बघायच्या: वेळ अखंड आहे की तुटक, आणि किंमत कोणतीही चालते की ठरावीकच? अ‍ॅनालॉगमध्ये वेळही अखंड, किंमतही अखंड. नाशिक आकाशवाणी 101.4 मेगाहर्ट्झवर लागते, तिची वाहक लहर म्हणजे ए·कॉस(2·पाय·एफ·टी): ‘ए’ लहरीची उंची, ‘एफ’ वारंवारता, ‘टी’ वेळ. एफएममध्ये आवाज कॉसच्या आतल्या कोनात भरतात, एएममध्ये बाहेरच्या ‘ए’मध्ये.

आता टेलिफोन. आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घेतात. 1000 हर्ट्झचा सूर घ्या आणि ‘टी’च्या जागी एन/8000 टाका (‘एन’ म्हणजे नमुन्याचा क्रमांक: 0, 1, 2...). उरतं कॉस(पाय·एन/4), म्हणजे 1, 0.707, 0, −0.707, −1... आता हेच 7000 हर्ट्झसाठी वहीत करून बघा. तेच आकडे येतात! म्हणून 8000च्या निम्म्याच्या, म्हणजे 4000च्या वरचं सगळं नमुने घेण्याआधीच फिल्टरने कापायचं. नायक्विस्टची अट ती हीच.

पण हा सिग्नल अजून डिजिटल झालेला नाही, फक्त डिस्क्रीट-टाइम झालाय, म्हणजे वेळ तुटक झाली, किंमत अजून कोणतीही चालते. बहुतेक जण इथेच घसरतात. 0.707 हा आकडा तसाच साठवता येत नाही. 3 बिट (0 किंवा 1च्या तीन जागा) असतील तर −1 ते 1मध्ये 8 पायऱ्या, प्रत्येक 0.25ची. आपला आकडा 0.5 ते 0.75च्या पायरीत पडतो, म्हणून तिच्या मध्याचा 0.625 लिहायचा. मधले 0.082 गेले ते गेलेच. नमुने नीट घेतले असतील तर त्यांवरून मूळ लहर परत उभी करता येते, ही चूक मात्र भरून निघत नाही. एक बिट वाढवला की ती सुमारे 6 डेसिबलने उतरते, एवढंच. टेलिफोनला एका नमुन्यासाठी 8 बिट वापरतात, म्हणून 8000 × 8 = 64 किलोबिट प्रतिसेकंद.

राहिली तुमची चौकोनी लहर. हे बिट तारेतून किंवा हवेतून पाठवायचे तर पुन्हा अखंड वेळेतली लहरच लागते. बीपीएसके या बिट पाठवायच्या पद्धतीत 1 साठी +कॉस, 0 साठी −कॉस. अचूक चौकोनाला बँडविड्थ (वारंवारतांचा पट्टा) अमर्याद लागते, म्हणून पल्स मुद्दाम गुळगुळीत करतात. नाशिकच्या एम. जी. रोडवर ‘डिजिटल अँटेना’ मागाल तर मिळेलही, पण अँटेनाला यातलं काही कळत नाही. डिजिटलपण कळतं ते रिसीव्हरला: त्याला लहर हुबेहूब नको असते, + की − एवढंच ओळखायचं असतं.